हेलवुडची 900 डुकाटी, 1:12 – अपडेट 4 : इंजिन झालं, फेअरिंग परत घासली

मंडळी, तीन आठवडे काही टाकलं नाही कारण ब्रश हातात कमी आणि जुने फोटो डोळ्यांसमोर जास्त होते. तरी माईक हेलवुडच्या 900 डुकाटी रेसिंग मोटरसायकलच्या या छोट्या मॉडेलचं इंजिन पूर्ण झालंय. उजव्या बाजूने दोन्ही सिलिंडर हेडकडे जाणाऱ्या बेव्हल शाफ्टच्या (तिरप्या दात्यांच्या गिअरने फिरणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या किटमध्ये क्रोम केलेल्या प्लास्टिकच्या होत्या, त्या काढून टाकल्या आणि 2 मिमीच्या ॲल्युमिनियम ट्यूबमधून नवीन कापून बसवल्या. या इंजिनचा जीवच तिथे आहे, क्रँकपासून कॅमपर्यंत ना चेन ना बेल्ट, सगळं गिअर आणि शाफ्टवर, आणि व्हॉल्व्ह बंद करायलाही स्प्रिंगच्या भरवशावर न राहता वेगळा रॉकर. हेच डुकाटीचे इंजिनिअर ताल्योनी यांचं डेस्मो. ते नीट दिसलं नाही तर मॉडेल कशाला करायचं!

फेअरिंगचं, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या आवरणाचं, मात्र दुखणं झालं. पावसाळ्यात क्लिअर (रंगावरचा पारदर्शक लॅकर) मारू नये हे माहीत असूनही रविवारी जरा ऊन पडलं म्हणून मारला, आणि संध्याकाळपर्यंत हिरव्यावर दुधाळ पांढरट थर आला. 2000 च्या पेपरने पाण्यात घासून सगळा काढला. आता बल्ब लावलेल्या खोक्यात दोन दिवस सुकवूनच पुढचा हात मारणार.

आता मूळ मुद्दा, कारण गेल्या वेळी दोघांनी विचारलं होतं की ही कारखान्याची गाडी की खाजगी टीमची. दोन्ही. गाडी बोलोन्यात एनसीआरने बांधली, म्हणजे नेपोती, काराकी आणि रिझी यांचं वर्कशॉप, रिझी लवकर बाहेर पडले म्हणून मग आर म्हणजे रेसिंग झालं, आणि डुकाटीचं रेसिंगचं बरंचसं काम तेव्हा तिथेच व्हायचं. पण टीटीला, म्हणजे आइल ऑफ मॅन बेटावरच्या रस्त्यांवरच्या मोटरसायकल शर्यतीला, ती उतरवली मँचेस्टरच्या स्पोर्ट्स मोटरसायकल्सने, म्हणजे स्टीव्ह विन यांच्या दुकानाने. म्हणून जन्म इटलीचा आणि हातावरचं काम इंग्लंडचं असं मी समजतो. 864 सीसी, 86 बाय 74.4.

आणि बसवला कोणाला, तर 38 वर्षांच्या माईक हेलवुडला. नऊ जागतिक किताब, टीटीच्या 12 शर्यती जिंकलेल्या, पण तिथली शेवटची शर्यत 1967 ची, मध्ये कार रेसिंग आणि 1974 ला न्यूरबुर्गरिंगवर पायाची जबर दुखापत. जून 1978 मध्ये टीटीच्या फॉर्म्युला वन (कारची नव्हे, मोटरसायकलची) शर्यतीच्या सहा फेऱ्या, 364 किलोमीटर. फिल रीड होंडावर 50 सेकंद आधी सुटलेला, त्याला हेलवुडने रस्त्यावरच गाठलं, पाचव्या फेरीत रीडची गाडी बंद पडली. हेलवुडची सरासरी ताशी 108.51 मैल, सगळ्यात वेगवान फेरी 110.62. आणि विन यांनी नंतर सांगितलेली गोष्ट वाचून माझ्या अंगावर काटा येतो : शेवटची रेषा ओलांडताना खालचा बेव्हल गिअर तुटला. म्हणजे ज्या नळ्या मी दोन दिवस कापत बसलो, त्यांच्याच मुळाशी!

इथे एक कळकळीची विनंती. संदर्भ म्हणून 1979 पासून विकायला आलेल्या माईक हेलवुड रेप्लिकाचे फोटो वापरू नका. ती 900 एसएसवर बेतलेली रस्त्यावरची गाडी, रंग हिरवा-लाल आहेत म्हणून फसायला होतं. सुरुवातीला मीही तिच्यावरूनच डावं कव्हर बनवलं होतं, पण एनसीआरच्या रेसरला तिथे ड्राय (तेलात न बुडणारा) क्लच आहे, दिसायलाच पूर्ण वेगळा. ते कव्हर फेकलं, नवीन प्लास्टिकच्या पत्र्यातून करतोय. शिवाय 1979 च्या टीटीची डुकाटी वेगळी, तिचे फोटो 78 च्या नावाने सर्रास फिरतात, तेव्हा पुढे 12 नंबर आहे का ते आधी बघा.

मी गाडी चकचकीत करणार नाहीये. शर्यत संपल्यावरची करायचीय, स्क्रीनवर किडे चिकटलेले, टाकीला गुडघ्यांनी घासून मळलेली जागा, पोटाखाली तेलाची धूळ बसलेली. क्लच कव्हर आणि फेअरिंगचा पांढरा भाग एवढं झालं की फोटो टाकतो. लॉकवायरसाठी (बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधलेली तार) 0.15 मिमीची तांब्याची तार कोणाकडे असेल तर सांगा, माझी 0.2 ची स्केलला जाड दिसतेय.