अंदमान: आधी बोटीचे वेळापत्रक, मग स्थळांची यादी

अंदमानला जायचे ठरल्यावर आमच्या घरात सर्वांत आधी तयार झाली ती पाहायच्या स्थळांची यादी, आणि आमचे सुरुवातीचे सगळे आराखडे त्या यादीमुळेच फसत गेले. जमिनीवरच्या सहलीत एखादे ठिकाण मागेपुढे करता येते. येथे दोन ठिकाणांच्या मध्ये समुद्र असतो, बोटी ठराविक वेळेलाच सुटतात, सूर्य लवकर मावळतो आणि काही किनारे केवळ ओहोटीच्या वेळीच पाहता येतात. म्हणून मागून जाणाऱ्यांनी आधी बोट, मग भरती-ओहोटी आणि शेवटी स्थळे या क्रमाने नियोजन करावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आम्ही चौघे, म्हणजे मी, यजमान, बारा वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांची माझी आई, पुण्याहून चेन्नईमार्गे जानेवारीत गेलो. एका प्रवास कंपनीने सुरुवातीला दिलेल्या आराखड्यात शेवटच्या दिवशी सकाळी हॅवलॉकहून बोटीने पोर्ट ब्लेअरला येऊन त्याच दुपारी विमान पकडायचे होते. कागदावर ते नीटनेटके दिसत होते, पण आम्ही ते नाकारले. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे बोटी बंद पडून शेकडो पर्यटक हॅवलॉक आणि नील बेटांवर अडकले होते आणि त्यांना आणण्यासाठी नौदलाच्या नौका पाठवाव्या लागल्या होत्या, हे आमच्या लक्षात होते. त्यामुळे आम्ही दोन रात्री पोर्ट ब्लेअर, तीन हॅवलॉक, दोन नील आणि पुन्हा दोन पोर्ट ब्लेअर अशी नऊ रात्रींची आखणी केली. शेवटचा पूर्ण दिवस मुद्दाम मोकळा ठेवला.

हंगामाविषयी थोडक्यात सांगते. नैऋत्य मोसमी पाऊस येथे साधारण मे महिन्याच्या उत्तरार्धात, म्हणजे आपल्या आधी पोहोचतो आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस डिसेंबरपर्यंत रेंगाळू शकतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. जानेवारी ते एप्रिल हा काळ त्या मानाने निर्धास्त असतो.

नावांचा घोळही आधीच समजून घेतलेला बरा. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचे स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे नामकरण झाले, तर सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरला श्री विजय पुरम हे नाव देण्यात आले. तिकिटांवर, फलकांवर आणि रिक्षावाल्यांच्या बोलण्यात जुनी-नवी नावे मिसळून येतात, त्यामुळे दोन्ही पाठ असावीत.

घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे असले तरी सूर्य त्या घड्याळाने चालत नाही. मुंबई आणि पोर्ट ब्लेअर यांच्या रेखांशांत सुमारे २० अंशांचा फरक आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ ८० मिनिटांचा. जानेवारीत पावणेसहाला उजाडत होते आणि सव्वापाच-साडेपाचच्या दरम्यान सूर्य मावळत होता. पहिल्या संध्याकाळी दुपारची झोप काढून, चहा घेऊन सव्वापाचला निवांत बाहेर पडलो आणि समुद्रापाशी पोहोचेपर्यंत अंधार झाला. दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेचारचा गजर लावला.

दुसऱ्या दिवशी वंडूरहून जॉली बॉय या बेटावर गेलो. हे बेट महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात आहे आणि ते वर्षातले काही महिनेच खुले असते. उरलेल्या काळात पर्यटकांना रेड स्किन बेटावर नेतात. येथे एकदाच वापरून फेकायचे प्लास्टिक नेऊ देत नाहीत आणि त्याची तपासणी मनापासून होते. आमच्यासमोर एका कुटुंबाच्या पिशवीतून बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या बाहेर निघाल्या. घरून स्टीलची बाटली आणि खाऊसाठी डबा न्यावा. किनाऱ्यावर मुलीने पोवळ्याचा एक पांढरा, मेलेला तुकडा उचलला, तेव्हा सोबतच्या कर्मचाऱ्याने तो तिच्या हातून घेऊन पुन्हा पाण्यात ठेवला आणि सांगितले, ‘बेटी, यह भी यहीं का है।’ पोवळे जिवंत असो वा मेलेले, ते घरी नेणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि विमानतळावर सामानाच्या तपासणीत ते सापडते. मुलांना हे निघण्यापूर्वीच समजावून सांगावे.

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक हा प्रवास खासगी बोटीने साधारण दोन तासांचा आहे. तिकिटे नावानिशी असतात, मूळ ओळखपत्र लागते आणि सुटण्याच्या तासभर आधी धक्क्यावर हजर राहावे लागते. बोट कोणत्या धक्क्यावरून सुटणार हे तिकिटावर नीट वाचावे, कारण सरकारी बोटी फिनिक्स बेहून आणि खासगी बोटी हॅडोहून सुटतात. ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून अव्होमिनसारखी गोळी बोट हलू लागल्यावर नव्हे, तर चढण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. आईने वेळेवर घेतली आणि तिला काहीही झाले नाही. मी टाळली आणि दुसरा तास पिशवी हातात धरून काढला. आसन मिळाल्यास मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावे, तेथे हेलकावे कमी बसतात.

हॅवलॉकचा राधानगर किनारा छायाचित्रांत दिसतो त्याहून सुंदर आहे. एरवी अशा वाक्यावर माझा विश्वास बसत नाही, पण येथे मात्र ते खरे निघाले. मागे उंच झाडांचे दाट रान, पुढे मऊ पांढरी वाळू आणि मध्ये एकही बांधकाम नाही. किनारा पश्चिमेला असल्याने सूर्यास्तासाठी दुपारी साडेतीनलाच पोहोचावे. पोहण्यासाठी आखून दिलेल्या भागाबाहेर मात्र जाऊ नये. अंदमानात खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत आणि २०१० मध्ये याच किनाऱ्यालगत एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. जीवरक्षकाची शिट्टी ऐकताच आम्ही मुलीला बाहेर काढत होतो.

पाण्याखाली बुडी मारण्यासाठी पोहता येण्याची अट नसते. प्रशिक्षक सतत सोबत असतो आणि दहा वर्षांवरील मुलांना नेतात. त्याआधी प्रकृतीची माहिती भरून घेतात; दमा, हृदयविकार किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया लपवू नये. बुडी मारल्यानंतर विमानप्रवासापूर्वी किमान १८ तास, शक्यतो पूर्ण दिवस जाऊ द्यावा, म्हणून हा कार्यक्रम सहलीच्या सुरुवातीला ठेवावा. आईने बोटीवर बसून आमची वाट पाहिली आणि नंतर तळाला काच असलेल्या बोटीतून तिनेही पोवळी पाहिली.

भरती-ओहोटीचे महत्त्व नील बेटावर पटते. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर खडकाची नैसर्गिक कमान आहे, तिला तेथील बंगाली वस्तीत ‘हावडा ब्रिज’ म्हणतात. तिच्यापर्यंत जाण्याची वाट ओहोटीतच उघडी पडते. कोकणातल्या वाचकांना उधाण आणि भांग यांतला फरक सांगायला नको. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, म्हणजे उधाणाला, पाणी सर्वांत दूर हटते, अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाला, त्या मानाने कमी. आम्ही कालनिर्णय पाहून पौर्णिमेच्या सुमारास नीलवर राहू अशा तारखा धरल्या होत्या, त्यामुळे दुपारी उशिरा खडकांवरून बरेच आतवर चालत जाता आले. उरलेल्या डबक्यांत समुद्रकाकड्या आणि लहान खेकडे होते, आणि दगडाच्या कपारीत एक निळसर मासा पाणी परत येण्याची वाट पाहत असल्यासारखा स्थिर उभा होता. ओहोटीची वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. हॉटेलात विचारून रोजची वेळ लिहून ठेवावी. खडक धारदार आणि शेवाळलेले असल्याने चपला उपयोगाच्या नाहीत, पकड असलेले बूट घालावेत. उलट भरतपूरच्या किनाऱ्यावर पोहायचे असेल तर भरती हवी.

बाराटांगला आम्ही गेलो नाही. चुनखडीच्या गुहा पाहायच्या म्हणून जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून पोलिसी बंदोबस्तात गाड्यांच्या ताफ्याने जावे लागते. तेथे थांबण्यास आणि छायाचित्रे घेण्यास बंदी आहे, तरीही अनेकांचे डोळे गुहांपेक्षा रस्त्याकडेच लागलेले असतात. त्या जंगलातून जाणारा रस्ता बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच दिला होता. माणसे पाहण्याच्या त्या प्रवासात आपली एक गाडी वाढवू नये, असे आम्हा सर्वांना वाटले.

बेटांवर रोख रक्कम जवळ असू द्यावी. २०२० मध्ये समुद्राखालून केबल आल्यापासून इंटरनेट पुष्कळ सुधारले असले, तरी ऐन वेळी ते रुसू शकते. दुचाकी भाड्याने घ्यायची असल्यास वाहन परवाना न्यावा.

नीलहून परतण्याच्या दिवशी वारा वाढला आणि आमची बोट रद्द झाली. धक्क्यावर काहीजण रडकुंडीला आले होते, कारण त्यांचे विमान दुसऱ्या सकाळचे होते. आम्ही नीलवर आणखी एक रात्र काढली आणि मोकळा ठेवलेला दिवस खर्ची पडला. रॉस बेट राहिले, विमान चुकले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपूर्वी पोर्ट ब्लेअरला पोहोचून थेट सेल्युलर जेल गाठले.

मराठी पर्यटकांनी हे स्थळ विमानातून उतरल्याच्या थकव्यात उरकू नये. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात बाहूंपैकी तीनच उरले आहेत. एका बाहूची दर्शनी बाजू दुसऱ्याच्या पाठीकडे येईल अशी रचना केल्यामुळे बंद्यांना एकमेकांचे तोंडही दिसत नसे. बाबाराव आणि विनायकराव हे सावरकर बंधू एकाच तुरुंगात असून दीर्घकाळ भेटू शकले नव्हते. मनोऱ्यातील फलकांवरची नावे सावकाश वाचावीत, त्यांत बंगाली नावे सर्वाधिक आहेत. जिने चढणे आईला जड गेले, तरी वरच्या मजल्यावरील टोकाच्या, सावरकरांच्या कोठडीपर्यंत ती आली. साडेतेरा फूट लांब आणि सात फूट रुंद अशी ती जागा. या कोठड्यांचे कडीकुलूप दाराजवळ नसून बाहेर भिंतीतल्या खोबणीत, हातभराहून लांब आहे. आईने आत उभे राहून गजांतून हात बाहेर काढला आणि खांदा गजाला टेकेपर्यंत ताणून पाहिला. तिची बोटे खोबणीच्या अलीकडेच राहिली.