संपादकाचे मानधन कोण देते?

मराठी पुस्तकांचे संपादन आणि मुद्रितशोधन हा माझा पूर्णवेळ व्यवसाय आहे आणि तो मी कोणत्याही प्रकाशनसंस्थेत नोकरी न करता, घरून, कामागणिक मानधन घेऊन करते. प्रकाशनव्यवसायातील बदलांविषयी बोलताना ई-पुस्तके आणि श्राव्य पुस्तके यांची चर्चा पुष्कळ होते. माझ्या रोजच्या कामावर सर्वांत खोल परिणाम मात्र एका वेगळ्याच गोष्टीचा झाला आहे: संपादकाचे मानधन आता अनेकदा प्रकाशकाऐवजी स्वतः लेखक देतो.

श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘सत्यकथा’ मासिकासाठी आणि मौज प्रकाशन गृहासाठी केलेल्या संपादनाचे दाखले आजही दिले जातात. लेखकाशी सविस्तर पत्रव्यवहार करणे, पुनर्लेखन मागणे, प्रसंगी साहित्य परत पाठवणे हे त्यांना करता येत होते, कारण त्यांच्या साक्षेपी दृष्टीला संस्थेचे पाठबळ होते आणि छपाईचा खर्चही संस्थाच उचलत होती. ‘सत्यकथा’ १९८२मध्ये बंद झाले. त्यानंतर छपाईचे तंत्रच बदलले. पूर्वी हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढल्याशिवाय खर्च परवडत नसे. आता डिजिटल छपाईमुळे शंभर-दोनशे प्रतीही काढता येतात, आणि ज्याला आपले पुस्तक व्हावे असे वाटते, त्याला कोणाच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही.

याबद्दल खेद करावा असे मला वाटत नाही. निवृत्त शिक्षक, परिचारिका, एसटीचे वाहक, सरकारी कारकून यांची आत्मकथने माझ्याकडे येतात, आणि त्यांतली बरीचशी कोणत्याही मोठ्या प्रकाशनाच्या यादीत बसली नसती. १९७२च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर हजेरी कशी घेतली जाई, यावरचे एखादे पान त्यांत असे सापडते की, ते छापले जावे म्हणून वाटेल तेवढी मेहनत करावी. अनेकांनी मजकूर मोबाइलवर बोलून उतरवलेला असतो. त्यात विरामचिन्हे नसतात, गावांची आणि माणसांची नावे भलतीच उमटलेली असतात, आणि बोलताना स्वाभाविक असलेली पुनरुक्ती पानोपानी राहते. ती कमी करताना सांगणाऱ्याचा आवाज मात्र टिकला पाहिजे; निवेदनाला साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम लावले तरी आजीच्या तोंडचे वाक्य प्रमाण भाषेत आणण्याचा मला अधिकार नाही.

अडचण येते ती पुढे. निवृत्तिवेतनातून पैसे देणाऱ्या माणसाला, शेवटची साठ पाने सत्कारांच्या तपशिलांची आहेत आणि ती गाळावीत, हे कसे सांगावे? म्हणून मी संपादनाचे काम लगेच स्वीकारत नाही. आधी संपूर्ण हस्तलिखित वाचून लेखी अहवाल देते, त्याचे मानधन वेगळे घेते आणि त्या अहवालावर लेखकाशी सहमती झाली तरच पुढचे काम अर्धी रक्कम आगाऊ घेऊन सुरू करते. नकार देण्याची सोय त्यामुळे दोन्ही बाजूंना राहते, आणि ती राहिली नाही तर संपादन म्हणजे केवळ ऱ्हस्व-दीर्घ तपासणे होऊन बसते.

पाने लावल्यानंतरचे शेवटचे वाचन हाही वारंवार वादाचा विषय ठरतो. मी दुरुस्त केलेला मजकूर युनिकोड या कोणत्याही संगणकावर चालणाऱ्या अक्षरसंकेतात असतो, तर अनेक अक्षरजुळणीकार अजूनही पेजमेकर या पाने लावण्याच्या जुन्या संगणकप्रणालीत श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांत काम करतात. रूपांतर करताना रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, जोडाक्षरे तुटतात, ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. एकदा शुद्ध केलेला मजकूर पुन्हा का वाचायचा, असे लेखक विचारतात, आणि त्यांना दिलेल्या एकत्रित खर्चाच्या पत्रकात या वाचनाचा उल्लेखच नसतो. वाचकाच्या हाती जाणारे पान तेच असल्यामुळे या वाचनाचा आग्रह मी सोडत नाही.

प्रकाशकांकडून थेट येणाऱ्या कामांत अलीकडे इंग्रजीवरून यंत्राने केलेल्या अनुवादांची भर पडली आहे आणि त्यावर मुद्रितशोधनाच्या दरात ‘एक नजर टाका’ असा निरोप येतो. अशा मजकुरातील सुटे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असू शकते. मात्र परिच्छेद सलग वाचला की बोलणारा कोण, कोणाशी आणि कोणत्या नात्याने बोलतो आहे, हेच हरवलेले असते. वडील मुलाला मध्येच ‘आपण’ म्हणू लागतात. मूळ पुस्तक शेजारी ठेवल्याशिवाय गळलेला मजकूर लक्षात येत नाही, म्हणजे कष्ट जवळजवळ अनुवादाइतकेच पडतात. मुद्रितशोधनाच्या दरात मी हे काम करत नाही, आणि श्रेयपानावर अनुवादक म्हणून कोणाचे नाव छापले जाणार आहे, हे काम घेण्यापूर्वी लेखी विचारते. काही प्रकाशक उत्तर देतात आणि मग दराविषयीही मोकळेपणाने बोलता येते. काही दुसरा संपादक शोधतात.