पाणी आटलं तेव्हा तलाव कळला : माझा अनुभव

सहा वर्षं मी एकाच तलावावर, एकाच दगडावर बसून गळ टाकत होतो. जागा सोयीची होती. सावली होती आणि मागे फांद्या नसल्यामुळे रॉड मोकळा फिरवता यायचा. मासा मात्र क्वचितच लागायचा. समोर पाणी खोल आहे आणि खोल पाण्यात मोठे मासे असणारच, असं मी धरूनच चाललो होतो.

मग एका वर्षी पाऊस लांबला. पाणी इतकं खाली गेलं की माझ्या दगडासमोरचा तळ उघडा पडला. खोली कुठेच नव्हती. मेणासारखा मऊ, काळा, सपाट गाळ होता आणि त्यात ठिकठिकाणी अडकलेले माझेच तंगुसाचे तुकडे. खिशातलं शिसं, म्हणजे गळ बुडवायला तंगुसाला लावतात ते वजन, कमरेच्या उंचीवरून सोडलं, तर ते गाळात पूर्ण दिसेनासं झालं. आमिषाचंही हेच होत असणार. सहा वर्षं माझा गळ माशांसमोर पोचतच नव्हता!

त्या दिवशी मी भराभर शंभरेक फोटो काढले आणि खूश होऊन घरी आलो. पाणी परत भरल्यावर ते उघडले, तेव्हा त्यांचा काही उपयोग होईना. चिखल, दगड, पुन्हा चिखल. कुठला फोटो कुठून काढला, समोरची खोडं काठापासून दहा पावलांवर होती की साठ, काहीच सांगता येईना. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागलं, पण त्या वेळी तयारीने गेलो.

सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे एक पक्की खूण. काठावरच्या मोठ्या खडकावर भरलेल्या पाण्याचा पांढुरका डाग असतो. तिथे मी रंगाची रेघ मारली आणि तिला शून्य म्हटलं. त्यानंतर तलावातली प्रत्येक खोली या रेघेपासून खाली मोजली. पाण्याच्या कडेपासून मोजून भागत नाही, कारण कड रोज सरकते.

दुसरी गोष्ट मला आपोआप सापडली आणि तिचा मला आजही आनंद वाटतो. पाणी उतरत असताना त्याची कड म्हणजे निसर्गाने आखलेली समान खोलीची रेषाच असते. दर रविवारी मी कडेने चालत जायचो, दर काही पावलांवर काटकी रोवायचो आणि वहीत रेघ ओढायचो. एका आठवड्यात पाणी ४० सेंटीमीटर उतरलं. माझ्या जुन्या दगडापाशी कड २२ पावलं आत गेली, पण पलीकडच्या वळणावर फक्त ३ पावलं. म्हणजे इथे नुसता सपाट गाळ आणि तिथे सरळ उतरणारी कडा. सात रविवारच्या सात रेघा एका कागदावर आल्या आणि तलावाचा नकाशा तयार झाला. रेघा जवळजवळ आल्या तिथे उतार, लांब गेल्या तिथे पठार. कोरड्या भागातले उंचवटे मोजायला गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरली.

एक धोका इथेच सांगतो. सुकून भेगा पडलेला गाळ वरून टणक दिसतो, पण पपडीखाली तो ओलाच असतो. एकदा एकटा असताना माझा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. दुसऱ्या पायावर जोर दिला की तोही जाऊ लागला. शेवटी आडवा होऊन, काठीवर भार देत बाहेर आलो. त्यानंतर मी कधीही एकटा उतरलो नाही, आणि काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकलं नाही.

आता काय दिसलं ते. धरण होण्याआधीच्या ओढ्याचं पात्र तळातून नागमोडी गेलेलं होतं आणि दोन्ही बाजूंनी गुडघाभर उंच कडा होती. एका वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाण्याने खणून खड्डा केलेला, आणि काठावर एक जुना बुंधा, मुळं उघडी पडलेला. आजूबाजूला गाळ नव्हता, बारीक खडी होती आणि तिच्यात शिंपल्यांची टरफलं. खडीपलीकडे मऊ मातीत बशीएवढे खळगेच खळगे. सायप्रिनससारखे (कॉमन कार्प) मासे तळ उकरून अळ्या खातात, त्यांच्याच या खुणा. खाणं इथे, आडोसा इथे आणि येण्याजाण्याची वाट म्हणजे ते पात्र, तेही इथेच. मी त्या बुंध्यापाशी कितीतरी वेळ बसून राहिलो.

पाणी भरल्यावर हीच जागा शोधायची कशी? बुंध्यावर उभं राहून मी काठाकडे पाहिलं. एका दिशेला विजेचा खांब आणि मागचं वाळलेलं झाड एका रेषेत येत होतं, दुसऱ्या दिशेला रंगवलेला खडक आणि टेकडीवरची खाच. दोन रेषा जुळतात तिथे बुंधा. मग जिथून फेकणार तिथपर्यंतचं अंतर तंगूस ताणून मोजलं, ३१ मीटर, आणि रीळाजवळ तंगुसावर जाड लाल दोऱ्याची गाठ बांधली. फेकताना गाठ बोटाला लागली की अंतर कळतं, अंधारातही.

बुंधा शून्य रेघेपासून ३.२ मीटर खाली आहे. पाणी रेघेच्या १.१ मीटर खाली असेल, तर त्याच्यावर २.१ मीटर पाणी. बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, तंगुसाला लावताना हा हिशेब मी प्रत्येक वेळी करतो.

पाणी आल्यावर आधी नुसतं शिसं फेकून हळूहळू ओढून पाहिलं. गाळात ते जड, चिकट येतं आणि मग एकदम सुटतं. खडीवर आलं की रॉडच्या टोकाला बारीक टकटक जाणवते. ती टकटक बरोबर अपेक्षित जागी हाताला लागली, तेव्हा मासा लागण्याआधीच माझं समाधान झालं होतं. त्या मोसमात तिथून मला आधीच्या सहा वर्षांत मिळाले त्याहून जास्त मासे मिळाले. बुंध्याच्या अगदी मुळाशी फेकून दोन गळ गमावले. आता दीड-दोन मीटर अलीकडे खडीवरच टाकतो.

खड्ड्याबद्दल मात्र माझा अंदाज चुकला. भर उन्हाळ्यात, वारा नसताना मी त्याच्या तळाशी आमिष ठेवत राहिलो आणि काहीच लागलं नाही. गरम पाणी वर तरंगतं, थंड पाणी खाली राहतं, दोन्ही मिसळत नाहीत. तळाशी कुजणारा पालापाचोळा तिथला प्राणवायू संपवतो, म्हणून मासे वर सरकतात. त्या दिवसांत पात्राच्या कडेच्या वरच्या बाजूला, खडीवर मासा लागतो. पाणी गार झालं, वाऱ्याने ढवळलं गेलं, की खड्डाही चालतो.

गेल्या वर्षी पाणी पुन्हा उतरलं, तेव्हा सगळे आकडे तपासले. बुंधा आणि खडी जशीच्या तशी होती. ओढा तलावात शिरतो तिथे मात्र जुन्या पात्रात २५ सेंटीमीटर नवा गाळ बसलेला. तिथले आकडे खोडून शेजारी नवे लिहिले, तारखेसह. पलीकडच्या कडेखालचा भाग अजून कधीच उघडा पडलेला नाही. तिथे सध्या शिसं ओढूनच चाचपतोय, आणि कागदावर ती जागा कोरी ठेवली आहे.