सुंठ, खोकला आणि माझी ॲसिडिटी

सुंठेवाचून खोकला गेला असं आपण म्हणतो ना, माझा मागच्या थंडीत सुंठ पिऊनही गेला नाही. म्हणजे गेला, पण आठ-दहा दिवसांनी, आणि तेवढे दिवस तो तसाही राहिलाच असता. तोवर मी सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी सगळं एकत्र उकळून दिवसातनं चार-चार वेळा पीत होते आणि तिसऱ्या दिवशी छातीत अशी जळजळ सुरू झाली की म्हटलं खोकला परवडला!

मग जरा वाचत बसले, की हे मसाले 'उष्ण' म्हणजे नक्की काय. गंमत अशी आहे की आपल्या तोंडातल्या नसांच्या टोकांवर एक सेन्सर असतो, साधारण ४३ डिग्रीच्या वर गरम काही लागलं की तो मेंदूला कळवतो, आणि मिरीतलं पायपेरीन, आल्यातलं जिंजरॉल, मिरचीतलं कॅप्सेसिन हे सगळे नेमकं तेच बटण दाबतात. हा सेन्सर १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने शोधला, २०२१ चं नोबेल त्यांना मिळालं ते याच कामासाठी. म्हणजे ऊब खरी वाटते, पण थर्मामीटर लावलात तर आकडा फारसा हलत नाही. म्हणून सगळं थोतांड आहे असं नाही हां. तिखट लागलं की नाक वाहतं, लाळ सुटते, चोंदलेलं डोकं जरा मोकळं वाटतं, आणि सर्दीत माणसाला अजून काय हवं असतं. फक्त याने सर्दी लवकर बरी होते अशी अपेक्षा नको.

आता माझं चुकलं कुठे ते. काढ्याच्या रेसिपीत ओलं आलं सांगितलं होतं, मी तेवढीच सुंठ घातली 😅 आलं वाळताना त्यातलं पाणी तर जातंच, पण जिंजरॉलचंही रूप बदलतं आणि त्याचं शोगॉल होतं, जे आणखी जहाल असतं. त्यामुळे सुंठ चिमटीनेच घ्यायची, चमच्याने नाही. बाकी आल्याचं एक काम मात्र पक्कं आहे, मळमळ. गरोदरपणातल्या मळमळीवर त्याच्या बऱ्यापैकी चाचण्या झाल्यात आणि निकाल चांगले आहेत. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र रोज भरपूर आलं घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

लवंग दातात धरायची पद्धत किती जुनी आहे देव जाणे, पण त्यातलं युजेनॉल खरंच बधिर करतं आणि डेंटिस्ट आजही ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवून टेंपररी फिलिंगला वापरतात. मिरीचा सगळ्यात अजब वापर इजिप्तमधला, दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकात मिरीचे दाणे मिळालेत, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीची मिरी! (त्याची सर्दी गेली असेल बहुतेक.) जायफळ किंचित किसून घातलं तर वास मस्त येतो, पण जास्त घालण्याच्या फंदात पडू नका, चमचा-दोन चमचे पोटात गेलं तर धडधड, उलट्या, भास असं सगळं होऊ शकतं.

राहिली दालचिनी, जी मी सगळ्यात बिनधास्त टाकायचे. तिच्यात दोन प्रकार असतात. सिलोनची साल पातळ असते, कागदाचे बरेच पदर एकात एक गुंडाळावेत तशी सुरळी, आणि सहज मोडते. दुसरी कॅसिया, जाड, कडक, एकेरी साल. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते रोज जास्त गेलं तर लिव्हरला त्रास होऊ शकतो. युरोपात त्याची रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोला ०.१ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम, आणि कॅसियाच्या एका चमचा पावडरमध्येही ती ओलांडली जाऊ शकते.

हे वाचून उठले आणि आमची बरणी उघडून बघितली. तुकडा मोडायला अडकित्ता लागला.