ताई, यातली तांबडी कुठली?

कळंगुटच्या एका हॉटेलात मी रिझर्व्हेशन बघते. आमचा रूम चार्ट एक्सेलमध्ये आहे: उभ्या ३४ खोल्या, आडव्या तारखा. रिकामी खोली हिरवी, भरलेली तांबडी. हे रंग मीच ठरवले होते.

नाताळानंतरच्या गर्दीत एका रात्री कोल्हापूरचं कुटुंब आलं. पोर आईच्या खांद्यावर झोपलेलं. फ्रंट ऑफिसवर पेडण्याचा नवा मुलगा होता. त्याने दिलेल्या खोलीत दुसरेच पाहुणे निघाले. त्या माणसांची समजूत काढून दुसरीकडे सोय करेपर्यंत दोन वाजले.

सकाळी मी चार्ट उघडून त्याला विचारलं, “ही तांबडी आहे ना, मग दिलीस कशी?” तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “ताई, यातली तांबडी कुठली?”

त्याला दोन्ही रंग सुकलेल्या पानासारखे दिसत. नोकरी जाईल या भीतीने तो इतके दिवस शेजारच्याला विचारून वेळ निभावत होता. लाल-हिरव्या रंगांधत्वाचा हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून पुरुषांत जास्त आढळतो, हे मी शाळेत शिकले होते. चार्ट करताना मात्र ते डोक्यातही आलं नाही. फार वाईट वाटलं.

दुपारी चार्ट घेऊन बसले. मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी शास्त्रज्ञांनी अशा डोळ्यांनाही वेगळे कळतील असे आठ रंग सुचवले आहेत. त्यातले दोन घेतले: भरलेल्या खोलीला नारिंगी (लाल २३०, हिरवा १५९, निळा ०), रिकाम्या खोलीला निळा (लाल ०, हिरवा ११४, निळा १७८). पेज लेआउटमधल्या कलर्समध्ये जाऊन ‘कस्टमाइझ कलर्स’ उघडलं, थीममधले, म्हणजे वर्कबुकाच्या ठरलेल्या रंगसंचातले, अॅक्सेंट २ आणि ६ हे रंग बदलले, सेव्ह केलं. चार्ट तसाच! कारण मी मुळात ‘स्टँडर्ड कलर्स’मधले रंग भरले होते आणि ते थीमबरोबर बदलत नाहीत. मग कंट्रोल-एचमध्ये (शोधा आणि बदला) फॉरमॅट निवडून जुना हिरवा शोधला, त्याजागी अॅक्सेंट ६ भरला. तांबड्याच्या जागी अॅक्सेंट २. शिवाय भरलेल्या खोलीत ‘भ’ आणि रिकामीत ‘रि’ लिहिलं. हे आधीच करायला हवं होतं, प्रिंट काळी-पांढरी निघते तेव्हाही उपयोगी पडतं.

त्याला बोलावलं. त्याने बोट ठेवून एकेक ओळ वाचली, एकदाही अडखळला नाही.

जानेवारीत मी ती शीट नव्या वर्कबुकात हलवली. सकाळी सातलाच त्याचा फोन: “ताई, परत दोन्ही सारखे झालेत.” थीमचे रंग नव्या वर्कबुकाची थीम उचलतात, तिथे अॅक्सेंट ६ परत हिरवा झाला होता. ‘सेव्ह करंट थीम’ करून ती फाइल ऑफिसच्या सगळ्या कॉम्प्युटरवर टाकली. आता महिन्याचं नवं वर्कबुक उघडलं की थीम तोच लावतो.