कर्नाटकाचं जीके खानापुरातनं सुरू करा

कर्नाटकाबद्दल इंटरेस्टिंग माहिती म्हणून शोधायला गेलं की म्हैसूरचा राजवाडा, हंपी, कूर्गची कॉफी, बेंगळूर, एवढंच फिरून फिरून येतं. आमच्या बेळगाव भागातल्या मराठी शाळेतली पोरं पण तेच पाठ करतात, राज्याचा पक्षी नीलकंठ, प्राणी हत्ती, फूल कमळ, झाड चंदन, झालं जीके. मला याचं खरंच वाईट वाटतं कारण यातलं कितीतरी आपल्या दारातच आहे बघा.

आधी नदीचंच घ्या. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात चोर्ल्याच्या रस्त्याला जांबोटीच्या पुढं कणकुंबी लागतं, तिथं माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम. आता अरबी समुद्र तिथनं घाट उतरला की जवळच, पण ही बाई तिकडं बघत पण नाही, पूर्वेला वळते, खानापूर, सौंदत्ती करत पार कूडलसंगमला जाऊन कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि याच खानापूर तालुक्यात देगावच्या बाजूला म्हादई उगम पावते ती गोव्यात उतरून पणजीला समुद्राला मिळते. म्हणजे पावसाळ्यात एकाच तालुक्यातल्या रानात पडलेल्या पावसातला काही गोव्याला जातो आणि काही आंध्रात! मला भूगोलात याच्याइतकं भारी काही वाटत नाही.

याच मलप्रभेच्या काठी पुढं पट्टदकल आणि ऐहोळे आहे, बदामी पण तिथनं लांब नाही, चालुक्यांचा सगळा पसारा. ऐहोळेच्या मेगुती देवळावर 634 सालचा शिलालेख आहे, रविकीर्ती नावाच्या कवीनं लिहिलेला, संस्कृतमध्ये. दुसऱ्या पुलकेशीनं उत्तरेच्या हर्षवर्धनाला हरवलं ते त्यात आहेच, पण आपल्या लोकांनी लक्ष द्यावं अशी गोष्ट म्हणजे हा पुलकेशी तीन महाराष्ट्रकांचा, त्यातल्या 99,000 गावांचा राजा होता असं त्यात कोरलंय. महाराष्ट्राचा इतका जुना उल्लेख, आणि तो बागलकोट जिल्ह्यातल्या दगडावर!

चालुक्यांच्या पण आधीचे कदंब, त्यांचं मुख्य ठाणं बनवासी, आणि दुसरं ठाणं कुठं तर आपलं हलशी. नंदगडच्या पुढं आहे, आज बघितलं तर साधं खेडं, पण भूवराह नरसिंहाच्या देवळात जाऊन या एकदा. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाला 26 जानेवारी 1831 ला इंग्रजांनी फाशी दिलं, कित्तूरच्या चन्नम्माचा शूर माणूस, त्याची समाधी तिथंच आहे.

चिन्हांचं म्हणाल तर राज्य फूल कमळ, आणि बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती म्हणजे जैन देऊळ आहे, रट्ट राजांच्या काळातली, 1204 ची. आत गेलं की मान वर करून बघायचं, छताला दगडातच कोरलेलं कमळ, पाकळ्यांच्या आत पाकळ्या, आणि मधला भाग खाली लोंबलेला. फूल ठरवताना हे कुणाच्या मनात असेल असं नाही पण पोरांना शिकवायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही. नीलकंठ तर दसऱ्याला दिसला की शुभ मानतात, शेताकडंच्या तारेवर बसलेला असला की मळकट तपकिरी वाटतो, लक्ष पण जात नाही, आणि उडाला की पंखातला तो निळा रंग... बघतच राहावं. ओडिशा आणि तेलंगणाचा पण राज्य पक्षी हाच. चंदनाचं सगळ्यांना माहीतच आहे, सोडा.

हत्तीची गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. दांडेली खानापूरच्या जंगलातले हत्ती 2002 च्या सुमारास महाराष्ट्रातल्या दोडामार्ग, चंदगडकडं गेले, तिथल्या लोकांना रानटी हत्ती नवीन होते, पिकाचं नुकसान अजून होतंय. आणि चंदगड म्हणजे तरी कोण, 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यातलाच तालुका! 1 नोव्हेंबर 1956 ला चंदगड वगळून बाकीचा जिल्हा मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं, ते 1960 ला झालं, आणि कर्नाटक हे नाव तर 1973 ला आलं. सीमाप्रश्न कोर्टात आहे, माझं मत ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे, पण इतिहास सगळ्यांनी वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आणि सहल श्रवणबेळगोळला जाणार असली तर मास्तरांनी पोरांना गोमटेश्वराच्या पायापाशी थांबवावं. "श्रीचावुण्डराजें करवियलें" अशी ओळ तिथं कोरलीय, म्हणजे चावुंडराजानं ही मूर्ती करवून घेतली, मराठीच्या जुन्या शिलालेखांत तिचं नाव घेतात, आणि तिथंच कन्नड आणि तमिळमध्ये पण तेच लिहिलंय. नागरी लिपीत आहे, जरा लावून वाचलं तर पाचवीतल्या पोराला पण वाचता येईल.