सोन्याचा आवाज ओळखू येतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तीस वर्षं मी इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर, वाळूत मेटल डिटेक्टर घेऊन फिरतेय, आणि हेडफोन उतरवला की कुणीतरी हेच विचारतं: सोनं आलं की कळतं का हो?

नाही कळत. मशीनच्या खालच्या टोकाला तारेचं वेटोळं असतं, कॉइल; तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे खालच्या धातूत बारीकसा प्रवाह उठतो, मशीन तेवढाच टिपतं. पातळ अंगठी आणि शीतपेयाच्या कॅनची कडी, दोन्हींचा सूर पुष्कळदा एकच लागतो. काहीजण कचरा नको म्हणून तो सूरच बंद करून ठेवतात. माझ्या मते ते सोनं वाळूतच सोडून येतात. मी प्रत्येक कडी उकरते. ओल्या खाऱ्या वाळूतून तर वीज वाहते, त्यामुळे माझं पहिलं मशीन पाण्याजवळ नुसतं किरकिरायचं.

मी मूळची मालवणची, म्हणून तिथी बघून निघते. अमावास्या-पौर्णिमेनंतर दीड-दोन दिवसांनी उधाण. तेव्हाची ओहोटी ब्लॅकपूलला सकाळी सहा-सातच्या सुमारास असते आणि पाणी पार लांब जातं. तिथे समुद्रात शिरलेले तीन लाकडी फळ्यांचे पिअर आहेत. फळ्यांच्या फटींतून पिढ्यान्‌पिढ्या नाणी खाली पडलीत. 2017 साली बंद झालेले गोल पाउंड अजून निघतात, काळे पडलेले. क्वचित 1920 ते 1946 मधलं शिलिंग येतं, निम्म्या चांदीचं.

एका मार्चमध्ये वादळाने वरची वाळू ओढून नेली होती. स्कूपमध्ये अंगठी आली. आत 375 चा छाप, म्हणजे नऊ कॅरट, आणि शेजारी कोरलेली तारीख. गार पाण्यात बोटं आकसतात, अंगठी कधी गळली ते कळतही नाही.

तीनशे वर्षांहून जुनं सोनं-चांदी सापडलं, तर इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत कोरोनर नावाच्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. ही तर अलीकडची, कुणाच्या तरी बोटातली. पोलिसांना कळवलं, किनाऱ्यावरच्या दुकानांत चिठ्ठ्या लावल्या. चिठ्ठीत तारीख मुद्दाम लिहिली नव्हती.

अकराव्या आठवड्यात एक बाई आली, साठीची असेल. मी मूठ उघडायच्या आधीच तिने तारीख सांगितली. मग अंगठी घेतली, पदराला पुसावी तशी स्वेटरच्या बाहीला पुसली, आणि बोटाच्या पेरावर अडली तरी दाबून आत सरकवली.